कादंबरीकाराचे सार्वजनिक जीवन : 'लेखकराव' ही संकल्पना आणि पालघर-बोईसर परिसर

प्रस्तावना

मराठी कादंबरीकाराच्या आयुष्याचा बराच भाग शिबिरे, व्याख्याने, प्रकाशन समारंभ, परिसंवाद आणि संमेलने यांत जातो. १८७८ मध्ये न्या. रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेल्या ग्रंथकार संमेलनापासून ही परंपरा चालत आली आहे. १८८५ च्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले, तेव्हापासून तिची चिकित्साही होत आली आहे. प्रस्तुत लेखात या सार्वजनिक जीवनाचा कादंबरीलेखनाशी असलेला संबंध पालघर आणि बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात तपासला आहे.

नेमाडे यांचा आक्षेप

भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर' (१९९०) मध्ये 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' हा लेख समाविष्ट आहे. 'लेखकराव' हा शब्द त्यानंतर मराठी समीक्षेत रूढ झाला. संहितेबाहेर मिळणारी प्रतिष्ठा लेखकाला स्वतःची प्रतिमा जपण्यास भाग पाडते, या अर्थाने तो आजही उपयुक्त आहे. दीर्घकाळ एकाच अनुभवविश्वात राहण्याची मागणी करणाऱ्या कादंबरीच्या बाबतीत हा धोका अधिक संभवतो. 'झूल' (१९७९) आणि 'हिंदू' (२०१०) यांमध्ये ३१ वर्षांचे अंतर आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. मात्र याच लेखकाचा 'सोळा भाषणे' हा ग्रंथ उपलब्ध आहे आणि देशीवादाच्या प्रसाराला व्यासपीठानेही हातभार लावला आहे. म्हणजे भाषण हे मुळात त्याज्य नाही. ते लेखनाची जागा घेऊ लागते तेव्हा आक्षेपार्ह ठरते, असे म्हणता येईल.

कर्णिक यांचा मार्ग

मधु मंगेश कर्णिक यांचे उदाहरण वेगळे आहे. १९९० च्या रत्नागिरी संमेलनाचे अध्यक्षपद भूषविल्यानंतर त्यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. १९९४ मध्ये मालगुंड येथे केशवसुत स्मारक उभे राहिले. येथे कादंबरीकाराचा वेळ स्वतःच्या सत्कारापेक्षा इतरांसाठी जागा निर्माण करण्यात खर्च झाला. संस्थाकार्यामुळे किती लेखन राहून गेले याचा हिशेब मांडता येत नाही. तथापि व्यासपीठ उपलब्ध झाले म्हणजे साहित्य निर्माण झाले असे नव्हे, ही मर्यादा या मार्गालाही आहे.

पालघर-बोईसरचे वास्तव

१ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्यात वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांच्या आणि किनारपट्टीवरील समाजांच्या बोली नांदतात. १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत अनेक राज्यांतील कामगार आले. अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. कादंबरीला आवश्यक असणारी सामग्री, म्हणजे स्थलांतर, विस्थापन आणि भाषांचा संघर्ष, येथे विपुल आहे.

अशा ठिकाणी मुंबईहून येऊन 'माझी निर्मितीप्रक्रिया' या विषयावर बोलणारा आणि शाल-श्रीफळ स्वीकारून संध्याकाळच्या गाडीने परतणारा कादंबरीकार श्रोत्यांना फारसे काही देत नाही आणि स्वतःही काही नेत नाही. घरी वारली बोलणारा विद्यार्थी वर्गात प्रमाण मराठी लिहितो. त्याची कथा कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न अशा कार्यक्रमात उपस्थितच होत नाही. याउलट गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे पुस्तक याच भागातील वारल्यांच्या लढ्यातून आले. ती कादंबरी नाही आणि त्या व्यावसायिक साहित्यिकही नव्हत्या. परंतु त्यांच्या सभांमध्ये बोलण्याइतकेच ऐकणेही होते, ही बाब महत्त्वाची आहे.

निष्कर्ष

कादंबरीकाराच्या सार्वजनिक जीवनाचे मूल्यमापन कार्यक्रमांच्या संख्येवरून करता येणार नाही. त्या वावरातून लेखकाच्या भाषेत आणि श्रोत्यांच्या लेखनात काही भर पडली का, हा निकष अधिक योग्य वाटतो. महाविद्यालयांनाही तो लागू होतो. अहवालासाठी आयोजिलेल्या चार व्याख्यानांपेक्षा एकाच लेखकाला वर्षातून दोनदा बोलवावे. पहिल्या भेटीपूर्वी विद्यार्थ्यांनी त्याची कादंबरी वाचलेली असावी आणि दुसऱ्या भेटीपूर्वी त्याने विद्यार्थ्यांची हस्तलिखिते. पहिली अट पूर्ण करण्याची जबाबदारी अर्थातच मराठी विभागांची आहे.