हस्तर कुठून आला? : ‘आजी’पासून ‘तुंबाड’पर्यंत

सप्टेंबर 2024 मध्ये ‘तुंबाड’ हा चित्रपट पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा आमच्या वडगाव निंबाळकरची चार-पाच पोरे पुण्याला जाऊन तो पाहून आली. त्यांतल्या एकाने दुसऱ्या दिवशी मला एसटी थांब्यावर गाठले आणि विचारले, “काका, तुम्ही जुनी पुस्तकं वाचता. हा हस्तर कुठल्या पुराणात आहे? त्याचं देऊळ अजून असंल का कुठं?”

हसण्यावारी नेण्याजोगा प्रश्न नव्हता. आमच्या भागात पडक्या गढीखाली मोहरांचा हंडा असतो, त्यावर नाग बसलेला असतो आणि पायाळू माणसाला तो हंडा दिसतो, असे मानणारी माणसे आजही आहेत. महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला, यावरून ही समजूत कुठवर जाते ते कळावे. तेव्हा मुलाला नीट उत्तर द्यायचे ठरवले.

आधी घरातली साधने पाहिली. चित्रावशास्त्र्यांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ उलटला, महादेवशास्त्री जोशींचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ पाहिला. हस्तर मिळाला नाही, मिळणारही नव्हता. तो आपल्या पुराणांतला नव्हेच.

तो आहे अमेरिकन भयकथेतला. अँब्रोज बीअर्स या लेखकाने 1891 मध्ये एका मेंढपाळाची कथा लिहिली. तीत हॅस्टर हा मेंढपाळांचा देव आहे आणि तो चांगला दयाळू आहे. मेंढपाळांचा देव म्हटल्यावर आमच्याकडे बिरोबाच आठवायचा. पुढे 1895 मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचलून आपल्या गूढकथांत विखुरले. नंतर लव्हक्राफ्टच्या परंपरेतल्या लेखकांनी, विशेषतः ऑगस्ट डर्लेथने, त्याचा अक्राळविक्राळ दैत्य केला. स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत तो येतो तो हाच.

‘ग्रॅमा’ 1985 च्या ‘स्केलेटन क्रू’ या संग्रहात आहे. मोठा मुलगा जखमी झाला म्हणून आई इस्पितळात धावते. अकरा वर्षांचा धाकटा मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी एकटा उरतो. आजीने तरुणपणी काही निषिद्ध पुस्तके वाचून हॅस्टरशी सौदा केलेला असतो. आजी मरते आणि मेल्यावर उठते. मावशी फोनवरून सांगते, हॅस्टरचे नाव घेऊन तिला निजायला सांग. नाव घेऊनही मुलगा वाचत नाही. शेवटी त्याच्या डोळ्यांतून आजी पाहू लागते.

हे बीज नारायण धारपांनी ‘आजी’ या कथेत मराठीत आणले. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे, की 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून त्यांनी धारपांची गोष्ट ऐकली. संहितेचा पहिला खर्डा 1997 चा. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतले, कथानक नाही. चित्रपट 12 ऑक्टोबर 2018 रोजी आला. कागदावरून कागदावर, कागदावरून तोंडावर, तोंडावरून पडद्यावर असा हा प्रवास आहे. आपली लोककथाही अशीच फिरत आली.

आता महत्त्वाचा प्रश्न असा, की इतक्या हातांतून आलेली गोष्ट आपली कधी झाली?

चित्रपटाचा 1918 मधला पहिला भाग मूळ कथेशी सर्वांत प्रामाणिक आहे. धाकटा भाऊ पडून जखमी होतो, आई त्याला घेऊन बाहेर पडते आणि विनायक साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीपाशी उरतो. बांधणी किंगची आहे. पण एक बारीक बदल सगळे पालटून टाकतो. ही म्हातारी विनायकाची राजरोस आजी नव्हे. ती सरकारांच्या वाड्यातली आहे, आणि विनायक हा सरकारांचा अनौरस मुलगा आहे. रक्ताचे नाते आहे, हक्क नाही. एका मोहोरेच्या आशेवर त्याची विधवा आई वाड्यावर राबते, म्हातारीला जेवू घालते. किंगच्या मुलाला वारसा नको असताना मिळतो. विनायकाला तो हवा असतो, कारण तो नाकारला गेलेला असतो. वतन, वाडा, औरस-अनौरस, चुलीपाशी झिजणारी बाई हे सगळे आपल्या मातीतले आहे. भीतीला इथे घर मिळाले.

दुसरा बदल भुकेचा. चित्रपटातल्या दंतकथेत हस्तर देवीचे सोने बळकावतो, पण अन्नापर्यंत पोचत नाही. म्हणून तो सोन्याने भरलेला आणि पिठासाठी वखवखलेला आहे. विनायक कणकेची बाहुली टाकून त्याच्या लंगोटीतल्या मोहरा पळवतो. कणीक ही घरातली सर्वांत निरुपद्रवी वस्तू. नैवेद्याचे दिवे तिचेच होतात, पोरांच्या हाती खेळायला गोळा तिचाच दिला जातो. भयकथेसाठी तिची निवड करणे हे मला या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश वाटते.

आणि पाऊस. तुंबाडात देवांच्या कोपाने पाऊस थांबतच नाही. आम्ही पर्जन्यछायेतली माणसे. नीरेचा डावा कालवा आला नसता तर या भागात ऊस दिसला नसता. आमच्याकडे पाऊस न पडणे हा कोप. पडद्यावरचा न थांबणारा पाऊस बघताना मला सुरुवातीला हेवाच वाटला, मग हळूहळू अंगावर शेवाळ चढल्यासारखे झाले. हव्या असलेल्या गोष्टीला अंतच उरला नाही, तर तिचा शाप होतो. हे चित्रपट पावसातून न बोलता सांगतो.

म्हणूनच जिथे तो बोलून सांगतो, तिथे उणा पडतो. आरंभी निवेदनातून सगळी दंतकथा आधीच उलगडली जाते. म्हातारी कोण, तिला काय झाले हे कळत नाही तोवर अंगावर काटा असतो. पुढे विहिरीत उतरण्याचे नियम, पिठाचे रिंगण, मोहरा काढण्याची युक्ती इतकी स्पष्ट होते की भयाची जागा काही काळ हिकमत घेते. धारपांच्या वाचकाला हे खटकेल. ओळखीच्या मध्यमवर्गीय घरात एखादी खोली अकारण बंद ठेवायची, ही त्यांची रीत होती.

पण शेवट सगळी कसर भरून काढतो. 1947 साल. देश स्वतंत्र झाला आहे, वाडा सरकारजमा होणार आहे. शेवटची संधी म्हणून बापलेक सगळी लंगोटीच पळवायला उतरतात. हस्तरचा शाप लागलेला विनायक ती लंगोटी मुलापुढे धरतो. पांडुरंग ती घेत नाही. लहानपणी विनायकाने ज्या शब्दांनी म्हातारीला निजवले, त्याच शब्दांनी पोर बापाला निजवते आणि अग्नी देते. किंगच्या कथेत नाव घेऊनही वारसा टळत नाही. इथे मुलगा तो नाकारतो. रूपांतराने मूळ कथेला दिलेले हे उत्तर आहे. ते मराठी घरातून आले आहे, आणि मला तरी ते मूळ कथेपेक्षा मोठे वाटते.

2025 मध्ये धारपांच्या जन्माला 100 वर्षे झाली. ‘लुचाई’ किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली, ‘आजी’ ‘ग्रॅमा’वर, असे म्हणून आपल्या समीक्षेने त्यांना दाराबाहेर उभे केले. उसनवारी लपवू नये, ती सांगावीच. पण उसन्या विरजणाने लावलेले दही आपल्याच दुधाचे असते. धारपांनी ते लावले नसते, तर नागझिऱ्यात त्या रात्री सांगायला गोष्टच नसती. आणि एवढे होऊन चित्रपट निघाला तो हिंदीत. मराठी भयकथेला मराठी पडद्याने आजवर किती विचारले, हेही या निमित्ताने विचारायला हवे.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : हस्तरचे देऊळ कुठेही नाही. तो माणसांनी रचलेला आहे, अमेरिकेत जन्मला आणि मराठी गोष्टीच्या वाटेने आपल्याकडे आला. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, “म्हणजे खाली काहीच नाही?”

“विहिरीत नाही,” मी म्हटले. “पांडुरंगानं लंगोटी का घेतली नाही, ते मात्र परत एकदा बघून ये.”