यात्रेला न येणारा 'अँटीसोशल' कसा?

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली की सगळं हॉस्टेल तिकडे निघतं. जो खोलीतच बसतो त्याच्यावर शिक्का बसतो, 'तो जरा अँटीसोशल आहे.' गप्पांमध्ये हे चालून जातं. पण हाच शब्द तुमच्या सिनॉप्सिसमध्ये किंवा प्रश्नावलीत शिरला, तर तुम्ही मोजायला निघालात एक आणि मोजताय भलतंच.

मानसशास्त्रात 'अँटीसोशल' म्हणजे दुसऱ्याचे हक्क तुडवणं, फसवणं आणि त्याचं काहीच न वाटणं. हे निदान १८ वर्षांच्या आत करतच नाहीत. अशी माणसं पुष्कळदा चांगली गप्पिष्ट असतात. लोकांत मिसळलं नाही तर फसवणार कुणाला? आपल्या वर्तमानपत्रांना हा अर्थ पक्का माहीत आहे, दगडफेकीच्या बातमीत ती 'समाजकंटक' छापतात. म्हणजे यात्रेला न आलेल्या रूममेटला आपण समाजकंटक म्हणतोय! त्याच्यासाठी शब्द आहे 'असोशल'.

आता 'असोशल' लिहून सुटलो, असंही नाही. एकाला माणसं नकोच असतात, दुसऱ्याला हवी असतात पण भीती वाटते. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. १९८१ साली चीक आणि बस या संशोधकांनी लाजाळूपणा आणि लोकांत मिसळण्याची आवड यांची वेगवेगळी मापं घेतली. दोन्हींचा संबंध निघाला, पण बेताचाच. तुमच्या प्रश्नावलीत 'मी समारंभ टाळतो' एवढंच विधान असेल, तर ही दोन्ही माणसं एकाच खान्यात पडणार.

मराठीतलं उदाहरण जी. ए. कुलकर्णींचं. धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक. सभा-समारंभ टाळायचे, १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कारही परत केला. लोकांनी 'माणूसघाणा' ठरवून टाकलं. पण त्यांच्या निवडक पत्रांचेच चार खंड आहेत! त्यातला एक अख्खा सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. माणसांचा वीट आलेला माणूस इतकी पत्रं लिहील? गर्दी नको आणि माणूस नको, या दोन गोष्टी आपण सर्रास एक करतो. माझ्या मते जीएंबद्दलच्या निम्म्या दंतकथा याच घोळातून आल्यात.

खरं तर आपल्याकडे शब्दांची चणचण नाही. एकलकोंडा, अबोल, बुजरा, तुसडा, शिष्ट. यातला 'एकलकोंडा' वागणं सांगतो, 'बुजरा' भीती सांगतो, 'तुसडा' बोलण्याची तऱ्हा. 'शिष्ट' मात्र त्या माणसाबद्दल कमी आणि म्हणणाऱ्याच्या रागाबद्दल जास्त सांगतो, म्हणून तो प्रश्नावलीत नकोच.

इंग्रजी स्केल मराठीत आणणार असाल तर बॅक ट्रान्सलेशन करून घ्या, तेही मूळ स्केल न पाहिलेल्या माणसाकडून. 'असोशल'ला तुम्ही 'माणूसघाणा' लिहिलं असेल, तर परत येताना हातात 'मिसअँथ्रोप' पडेल, म्हणजे माणसांचा द्वेष करणारा. गाईडकडे जायच्या आधी एवढं उरकून घ्या.