‘गेगे’ आणि ‘दादा’ : एका चिनी प्रेममालिकेचा नाशिकमधून विचार

परभाषेतील दूरचित्रवाणी मालिका पाहताना कथानक कळते, पात्रे ओळखीची होतात, वेशभूषा आणि खाद्यपदार्थही चार भागांनंतर परके वाटत नाहीत. प्रेक्षक अडतो तो संबोधनांपाशी. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो यात त्या समाजाची नातेव्यवस्था साठवलेली असते आणि नेमकी तीच उपशीर्षकांतून निसटते. २०२३ साली चीनमध्ये यूकूवर प्रसारित झालेली आणि नेटफ्लिक्समार्फत भारतात पोहोचलेली ‘हिडन लव्ह’ ही २५ भागांची मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखात नाशिकचा मराठी प्रेक्षक समोर ठेवून तिचा विचार केला आहे.

प्रामुख्याने स्त्रिया लिहितात आणि वाचतात अशा जिनजियांग या संकेतस्थळावरून पुढे आलेल्या झू ई या लेखिकेच्या कादंबरीवर मालिका आधारलेली आहे. मूळ चिनी नावाचा अर्थ ‘चोरून ठेवू म्हटले तरी लपत नाही ते’ असा काहीसा होतो. नायिका सांग झी (झाओ लूसी) शाळकरी वयात थोरला भाऊ सांग येन याच्या मित्रावर, द्वान ज्याशूवर (चेन झेयुआन) मनोमन भाळते. शिक्षकांनी घरच्यांना भेटीस बोलावले असता ती त्यालाच भाऊ म्हणून उभे राहण्याची गळ घालते. मालिकेचा सारा पेच या खोट्या भावापासून सुरू होतो. पुढे तो दुसऱ्या शहरात जातो; ती एकटीच तेथे पोहोचते, त्याची कोणी प्रेयसी असावी असा समज करून घेते आणि रडण्याचे कारण मात्र भलतेच सांगते. विद्यापीठासाठी ती त्याचेच शहर निवडते, आणि तेव्हा कोठे तिचे मोठे होणे त्याच्या लक्षात येऊ लागते.

या साऱ्या काळात ती त्याला ‘गेगे’ म्हणते, किंवा नावाला त्याचेच आखूड रूप ‘ग’ जोडते. तो तिला ‘लहान मूल’ म्हणून चिडवतो. गेगे म्हणजे थोरला भाऊ. परंतु चिनी लोकगीतांत प्रियकरालाही हीच हाक चालते. माया, आधार आणि अनुराग या तिन्हींना त्या एका शब्दात जागा आहे. मराठीत ‘दादा’ या शब्दाचे कार्य नेमके उलट आहे. महाविद्यालयाच्या आवारात एखाद्या मुलीने मुलाला दादा म्हटले की विषय संपतो. राखी बांधली की त्यावर शिक्काच बसतो. ‘मानलेला भाऊ’ ही आपल्याकडे मुलींना मुलांशी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून समाजाने दिलेली सवलत आहे, आणि त्या सवलतीची किंमतही त्याच शब्दात वसूल केलेली आहे. त्यामुळे सांग झीच्या तोंडून गेगे ऐकताना मराठी प्रेक्षकाला जो अवघडलेपणा जाणवतो तो कथेचा दोष नव्हे. तो आपल्या शब्दाचा धाक आहे.

हा धाक तरी किती जुना आणि किती सार्वत्रिक, हा प्रश्न उरतोच. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या नातेपद्धतींमधील संक्रमणाचा प्रदेश मानले आहे. मामाच्या मुलीशी विवाह येथील अनेक जातींत मान्य होता आणि आजही अपरिचित नाही. म्हणजे लहानपणी ज्याला भाऊ म्हटले तो पुढे नवरा होणे मराठी घराला अगदीच अशक्य नव्हते. चिनी मालिका पाहताना आपल्याला जे परके वाटते, ते आपल्याच घरात कधी काळी वावरत होते.

इंग्रजी उपशीर्षकांपुढे अशा वेळी दोनच सोयीच्या वाटा असतात : ‘ब्रदर’ लिहावे किंवा सरळ नाव घ्यावे. पहिलीत नाते विचित्र होते, दुसरीत नाहीसे होते. उद्या ही मालिका मराठीत आणायची झाल्यास अनुवादकाला ‘दादा’ टाळण्याचा मोह होईल. तो टाळू नये. नायिकेलाही हाच शब्द अडवतो. तो तिला जवळ राहू देतो आणि पुढे सरकू देत नाही. शब्द गुळगुळीत केला तर तिची कोंडीच नाहीशी होईल.

नाशिककर प्रेक्षकाच्या मनात आणखी एक कथा आधीपासून असते. या नगरीचे नाव नऊ शिखरांवरून आले असेही सांगतात. तरी लोकमानसात रुजली आहे ती शूर्पणखेच्या नासिकाछेदाची व्युत्पत्ती. पंचवटीत स्वतःहून प्रेम बोलून दाखवणाऱ्या स्त्रीची आधी थट्टा झाली, मग तिला शिक्षा झाली, आणि गावाला नाव मिळाले. या पार्श्वभूमीवर सांग झीचे मौन केवळ लाजाळूपणाचे राहत नाही. बोलल्यावर थट्टा होईल, आणि थट्टेत गेगेही जाईल, हे ती ओळखून आहे. मालिका तिला शिक्षा करीत नाही. तिच्या वयाची मात्र दक्षता घेते : ती सज्ञान होईपर्यंत नायकाच्या मनात अनुराग उमटू देत नाही. शालेय वयातील प्रेमाकडे चिनी समाज आणि तेथील यंत्रणा ज्या नाराजीने पाहतात, तिच्याशी केलेली ही तडजोड आहे. पण तिने कथेला प्रतीक्षेचा खरा अवकाश मिळवून दिला आहे.

मराठी मालिकांत हा अवकाश क्वचित सापडतो. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ (२०१२) मध्ये लग्न आधी ठरते आणि प्रेम मागून येते. ‘तुला पाहते रे’ (२०१८-१९) वयातील अंतराचा प्रश्न उभा करते आणि पुनर्जन्माच्या आडोशाला जाते. रोज भाग हवा असल्यावर प्रतीक्षेची लांबण होणारच. चिनी नियामकांनी २०२० मध्ये मालिका ४० भागांपलीकडे न नेण्याची सूचना केली होती. त्यामागे कलादृष्टी किती आणि नियंत्रण किती, हा भाग वेगळा. त्याच वर्षी भारताने बंदी घातलेल्या चिनी उपयोजनांत वीटीव्हीही होते, त्यामुळे चिनी प्रेमकथा येथे येते ती बहुधा अमेरिकी कंपनीच्या दारातून.

उत्तरार्धात मालिका सैल होते. नायकाच्या वडिलांनी घडवलेला अपघात आणि त्याचे ओझे हा भाग गंभीर असूनही प्रेमप्रसंगांच्या गोडव्यात बुडून जातो. मात्र एक विनोद नेमका साधला आहे. सांग येनला मित्राचे आणि बहिणीचे गुपित कळल्यावर तो संतापतो, आणि ज्याशू, आता प्रेयसीचा थोरला भाऊ म्हणून, बरोबरीच्या मित्रालाच ‘ग’ म्हणू लागतो. मराठी मित्र एकमेकांना ‘साल्या’ म्हणतात तेव्हा नाते केवळ शिवीपुरते असते; येथे ते खरे ठरले आहे, आणि सांग येनला ती हाक शिवीपेक्षाही अधिक झोंबते.