तीस दिवसांची निवड

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘निवड’ ही कल्पना अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातून पाहिली. आज त्याच कल्पनेच्या उजेडात कायद्याचं एक कलम वाचू. हे वकिलांचं काम, असं कुणी म्हणेल. पण ज्या मजकुरामुळे माणसाच्या संसाराचा हिशेब बदलतो, तो आपण तत्त्वज्ञानवाल्यांनी वाचू नये असं कुठे लिहिलंय?

निमित्त सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियात एका नव्या कंपनीत गेला. वर्षभराने त्याचा फोन आला. म्हणाला, “सर, एक कागद पाठवायचा राहिला आणि मी बुडालो.” आम्ही विचारलं, “विसरलास का?” तर म्हणे, “विसरायला आधी माहीत तर हवं!” त्याचं हे वाक्य ध्यानात ठेवा. आपल्याला शेवटी त्याकडे परत यायचंय.

अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यातलं हे ८३वं कलम १९६९ च्या सुधारणेत आलं. नोकरीच्या संबंधाने कुणाला शेअर मिळाले, पण नोकरी सोडली तर ते परत जाणार असतील, तर त्यांवर कर लगेच लागत नाही. शेअर पक्के होतील, म्हणजे व्हेस्ट होतील, तेव्हा लागतो. आणि त्या दिवशीच्या भावातून आपण दिलेली किंमत वजा करून जे उरतं त्यावर, पगारासारखा लागतो. याला पर्याय देतं ते पोटकलम ८३(बी). शेअर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत कळवायचं, की आमचा कर आजच्याच भावाने आजच धरा. यालाच तिथे ‘इलेक्शन’ म्हणतात; म्हणजे निवड.

आकडे घालून पाहू. समजा, कुणी १० लाख शेअर १०० डॉलरला घेतले, आणि त्यांची खरी किंमतही तेवढीच आहे. कागद पाठवला तर फरक शून्य, म्हणून कर शून्य. पुढे विकताना होईल तो भांडवली नफा. कागद पाठवला नाही, आणि वर्षाने अडीच लाख शेअर पक्के झाले तेव्हा भाव १ डॉलर असला, तर २,४९,९७५ डॉलर उत्पन्न झालं असं कायदा समजतो. हे शेअर विकायला बाजार नाही. हातात दमडी आलेली नाही. कर मात्र रोख भरायचा.

आता पूर्वपक्ष मांडू, आणि नीट मांडू. मुदत नसती तर लोक भाव चढेपर्यंत वाट पाहून सोयीचं तेवढं निवडले असते. निकाल लागल्यावर पैज लावता येत नाही. म्हणून मुदत हवी, आणि निवड मागे घेता येऊ नये, हेही बरोबर. शिवाय कलमाचा मूळ हेतू रास्त होता: स्वस्तात शेअर देऊन पगार लपवायचा आणि कर पुढे ढकलायचा, ही वाट बंद करायची होती.

इथवर आम्हाला मान्य आहे. पण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या परिस्थिती आहेत, आणि कलम त्यांत भेद करत नाही.

पहिली: शेअर स्वस्तात मिळाले आहेत. आज कर भरावा, तर नोकरी सुटून शेअर गेले की भरलेला कर गेला. त्या गमावलेल्या उत्पन्नाची वजावट मिळत नाही. थांबावं, तर उद्या भाव चढेल. इथे दोन्हीकडे काही गमावण्यासारखं आहे. विचार करावा लागतो. ही खरी निवड.

दुसरी: पूर्ण किंमत मोजली आहे. आज भरायचा कर शून्य. कागद पाठवण्यात सहसा काहीच जात नाही. न पाठवण्यात सगळं जाऊ शकतं. सांगा बरं, यात निवडायचं काय? ही निवड नव्हे, ही हजेरी आहे.

हा प्रश्न अल्व्हिस खटल्यात कोर्टापुढे आला. पुढे वेस्टर्न डिजिटल झालेल्या कंपनीचे ४०,००० शेअर अल्व्हिस यांनी १९७० मध्ये दर शेअरला १० सेंट देऊन घेतले. तीच खरी किंमत होती, हे सरकारलाही मान्य होतं. त्यांतल्या काहींवर चार, काहींवर पाच वर्षांची अट होती. कागद पाठवला नव्हता. १९८४ मध्ये अपील कोर्टाने कर कायम केला. शेअर नोकरीच्या संबंधाने मिळाले, म्हणून कलम लागू. आणि करकायद्यात स्वतःहून पाऊल उचलावंच लागतं, असं कोर्टाचं म्हणणं. शब्दार्थ बरोबर लावला. पण लपवलेला पगार पकडायला टाकलेल्या जाळ्यात पगार न लपवलेला माणूस सापडला, त्याचं काय?

इथे अ‍ॅरिस्टॉटल आठवतो. कायद्याच्या अज्ञानाला तो सूट देत नाही. पण त्याच्या दोन अटी आहेत: ती गोष्ट माहीत असायला हवी अशी असावी, आणि कळायला अवघड नसावी. फरक शून्य असताना शून्य कर भरण्यासाठी अर्ज करावा लागतो, हे सरळ डोक्याच्या माणसाला सुचेल का? आमचा विद्यार्थी विसरला नव्हता. विसरायला आधी माहीत हवं.

२०२४ मध्ये करखात्याने यासाठी १५६२० क्रमांकाचा फॉर्म काढला. त्याआधी पत्रच लिहावं लागे. सोय झाली, पण दोष तसाच राहिला. आमच्या मते फरक शून्य असेल तिथे निवड झालीच असं कायद्याने धरावं, आणि नको असेल त्याने तसं कळवावं. ३० दिवस तसेच राहू देत. गप्प राहण्याचा अर्थ तेवढा बदलावा.

जाता जाता एक व्यवहाराचं. आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं तिकडे आहेत. मोठ्या कंपन्यांच्या आरएसयूंना हे लागू नाही. तिथे शेअर अजून हातात आलेलाच नसतो. पण छोट्या कंपनीचे व्हेस्टिंगची अट असलेले शेअर खरंच नावावर झाले असतील, तर आज रात्रीच फोन करून विचारा: “सही करून किती दिवस झाले?”