पुत्र : निक्षेप कीं दान? (बेझंट–नारायणय्या निवाड्याचें परीक्षण)

मद्रासेकडील नारायणय्या यांनीं आपल्या दोन मुलांच्या ताब्यासाठीं ॲनी बेझंट यांच्यावर लावलेल्या दाव्याचा शेवटचा निकाल प्रिव्ही कौन्सिलनें ता. २५ मे १९१४ रोजीं दिला. हिंदु बापाच्या पालकत्वाचा प्रश्न निघाला कीं कायद्याच्या ग्रंथांत या निकालाचा उल्लेख अद्याप येतो. मुलांपैकीं थोरला पुढें जे. कृष्णमूर्ति म्हणून जगास ठाऊक झाला, त्यामुळें दाव्याची हकीकत चरित्रकारांनीं पुष्कळ सांगितली आहे. परंतु निकालांतील विधानें धर्मशास्त्राच्या ग्रंथांशीं ताडून पाहिल्याचें आमच्या पाहण्यांत फारसें आलें नाहीं. तेवढेंच काम येथें योजिलें आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. नारायणय्या हे सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलांसह अड्यार येथें थिऑसॉफिकल सोसायटीच्या आश्रयास येऊन राहिलेले. मार्च १९१० मध्यें त्यांनीं लेखी पत्रानें मुलांचें पालकत्व बेझंटबाईंस दिलें. बाईंनीं शिक्षणासाठीं मुलांस विलायतेस नेलें. पुढें लेडबीटर यांच्या सहवासाविषयीं बापाचें मन साशंक झालें. त्यानें दिलेला अधिकार परत घेतला आणि १९१२ सालीं चिंगलपट जिल्हा न्यायालयांत दावा लावला. तो मद्रास हायकोर्टाकडे वर्ग झाला. तेथें बेझंटबाईंनीं आपली बाजू स्वतः मांडली, तरी न्या. बेकवेल यांनीं १५ एप्रिल १९१३ रोजीं मुलें बापाच्या स्वाधीन करण्याचा हुकूम दिला व अपिलांतही तो कायम राहिला. लंडनास मात्र तो रद्द झाला.

लॉर्ड पार्कर यांचें म्हणणें असें कीं, अज्ञान मुलांचा स्वाभाविक पालक बाप हाच, आणि या बाबतींत इंग्रजी व हिंदु कायद्यांत भेद नाहीं. हें पालकत्व पवित्र विश्वस्तपणाचें असल्यामुळें बापास आपल्या हयातींत तें दुसऱ्यास कायमचें देऊन टाकतां येत नाहीं. शिक्षणासाठीं मूल दुसऱ्याच्या हवालीं केलें तरी तो अधिकार परत घेतां येतो. मात्र परत घेण्यानें मुलाचें अहित होणार असेल, तर न्यायालय आड येऊं शकतें.

यांतील उत्तरार्ध आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. व्यवहाराच्या अठरा पदांत मनूनें ऋणादानामागोमाग निक्षेप सांगितला. वस्तु ज्याच्यापाशीं ठेविली त्यानें ती मागतांच परत करावी, हें निक्षेपाचें तत्त्व. दानाचें याच्या उलट. मूल एकदां विधिपूर्वक दत्तक दिलें कीं जनक पित्याचा त्यावरील हक्क संपला. नारायणय्यांच्या पत्रास बेझंटबाई जवळजवळ दान समजत होत्या, तर मद्रासेच्या न्यायाधीशांनीं त्यास जवळजवळ निक्षेप समजून वस्तु मालकास परत देवविली. लॉर्ड पार्कर यांनीं दोन्ही कल्पना बाजूस सारल्या. ठेवीस स्वतःचें मत नसतें, मुलास असतें. तें मद्रासेस ऐकून घेतलें गेलें नाहीं, या उणिवेवर त्यांनीं बोट ठेविलें, हें त्यांस भूषणावह आहे.

पण दोन्ही कायद्यांत भेद नाहीं, या विधानास ग्रंथाधार कोणता? अज्ञानाच्या वित्ताविषयीं शास्त्र स्पष्ट आहे. मनु (अ. ८) तें राखण्याचें काम राजावर टाकतो, आणि कौटिल्य तें ग्रामवृद्धांस सांगतो. येथें आमच्या वाचकांस सवाई माधवराव आठवतील. परंतु बारभाईंनीं अज्ञान पेशव्याच्या नांवानें सांभाळिली ती दौलत होय, घरच्या मुलाच्या ताब्याचा दाखला म्हणून ती गोष्ट पुढें करणें सयुक्तिक नाहीं. मूल देण्याच्या अधिकाराविषयीं वसिष्ठ माता व पिता या दोघांची नांवें घेतो, पण भर्त्याच्या अनुज्ञेवांचून स्त्रीस तें करूं देत नाहीं. नारद सर्वांत निकट येतो. ऋणादानाच्या प्रकरणांत तो सांगतो कीं सोळाव्या वर्षापर्यंत बाल्य, आणि पुढेंही आईबाप हयात असतां पुत्र स्वतंत्र नव्हे. त्या दोघांत बीजप्राधान्यामुळें पिता श्रेष्ठ, त्याच्या अभावीं माता, तिच्या अभावीं वडील भाऊ.

तेव्हां बापास अग्रमान देणें ही निव्वळ इंग्रजांची आयात होय, असें जें आतां मोठ्या आवेशानें म्हटलें जातें, तें खरें नाहीं. तसेंच मनूनें मातेस पित्याहून सहस्रपट गौरव दिला म्हणून तिचा ताब्याचा हक्क सिद्ध झाला, हेंही नाहीं. गौरव निराळा, अधिकार निराळा. परंतु नारदाचें वचन देण्याघेण्याचा व्यवहार कोणी केला असतां टिकतो, याविषयीं आहे. मूल कोणाजवळ झोपावें, कोणाच्या हातचें जेवावें, याविषयीं वर सांगितलेल्या वचनांत एक अक्षर नाहीं. एकत्र कुटुंबांत तो प्रश्न फारसा उद्भवत नसावा. या मौनाच्या जागीं न्यायाधीशांनीं आपल्या देशचा नियम बसविला आणि त्यास हिंदु कायदा म्हटलें. तो नियम तरी तेथें कोठें स्थिर होता? सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची वाट आईस १८३९ च्या कायद्यानें खुली केली होती. आणि पुढें १९२५ त मुलाच्या हितासच तेथें अग्रस्थान मिळालें.

याहून मोठा दोष असा, कीं ज्या दाव्यांत आई हयातच नव्हती त्यांतील वाक्यानें पुढें आयांचे हक्क मोजले गेले. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमांत स्वाभाविक पालक ‘पिता, आणि त्याच्यानंतर माता’ असाच क्रम लागला. पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावें, एवढी सवलत जोडली. बाप जिवंत, पण मुलीकडे ढुंकूनही पाहत नाहीं, अशा विदर्भांतील एका जमिनीच्या दाव्यांत आईस पालक मानण्यास १९७० साल उजाडावें लागलें. पुढें लेखिका गीता हरिहरन यांनीं मुलाच्या नांवें रोखे घेऊं म्हटलें, तेव्हां रिझर्व्ह बँकेनें आईची सही पुरेशी मानली नाहीं. त्या प्रकरणांत १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ‘नंतर’ म्हणजे मरणोत्तर नव्हे, तर ‘अभावीं’, असा अर्थ केला. आणि बापाची उदासीनता हाही अभावच ठरविला. मुख्यार्थाचा बाध झाला म्हणजे लक्षणा स्वीकारावी, ही मीमांसकांची रीत. गंमत अशी कीं या लक्षणेनें न्यायालय नेमकें नारदाच्या शब्दावर येऊन ठेपलें. पण अभाव सिद्ध करण्याचा भार आईच्याच माथीं राहिला. बाप घरांत आहे, मुलाची विचारपूसही करतो, अशा घरांतील आईस या अर्थानें कांहींच लाभत नाहीं. मातापित्यांस एकाच वेळीं समान पालक मानावें, असें विधि-आयोगानें २०१५ सालीं सुचविलें. आमच्या मतें शब्दाचा अर्थ ताणण्यापेक्षां हा मार्ग सरळ आहे.

ज्या मुद्द्यावर १९१४ सालीं दावा प्रत्यक्ष फिरला, तो मात्र याहून निराळा. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणें अर्ज, मूल सामान्यतः जेथें राहतें तेथल्या जिल्हा न्यायालयांत करावा लागतो. मुलें विलायतेंत असतां तीं चिंगलपटचीं रहिवासी कशीं, असें विचारून प्रिव्ही कौन्सिलनें सर्व हुकूमच निरधिकार ठरविले आणि बापास विलायतच्या न्यायालयाकडे बोट दाखविलें. जोडप्यापैकीं एकजण मूल घेऊन परगांवीं वा परदेशीं गेला, कीं मागें राहिलेल्यास आजही पहिला अडथळा याच कलमाचा होतो. तर्क शुद्ध आहे. पण मूल नेणारा जितका दूर जाईल तितका मागणारा दुबळा, असा त्याचा व्यवहारांतील परिणाम होतो, आणि त्याची दखल निकालांत आम्हांस दिसली नाहीं. काळ तर कोणासाठींच थांबला नव्हता. न्या. बेकवेल यांचा हुकूम झाला तेव्हां कृष्णमूर्तीस अठरा पुरीं होण्यास एक महिना उरला होता. लंडनचा निकाल लागला तेव्हां त्याला एकोणीस पुरीं झालीं होतीं, आणि अज्ञान म्हणण्याजोगा धाकटा तेवढा उरला होता.