हात धुणे थांबत नाही तेव्हा

स्वच्छता, टापटीप, केलेले पुन्हा तपासणे हे सारे आपण शिक्षक गुण मानतो. पण याच गोष्टींनी एखाद्या मुलाचा दिवस व्यापून टाकला तर? हा प्रश्न मनात ठेवून ज्युडिथ रॅपोपोर्ट या अमेरिकन बालमनोविकारतज्ज्ञांचे ‘द बॉय हू कुडन्ट स्टॉप वॉशिंग’ (१९८९) हे पुस्तक आम्ही वाचले.

शीर्षकातला मुलगा म्हणजे १४ वर्षांचा चार्ल्स. अभ्यासात चांगला, विज्ञानाची आवड असलेला. पण अंगाला काहीतरी चिकट लागले आहे असे त्याला सारखे वाटे. रोज तीन-तीन तास अंघोळीत जात. शेवटी शाळा सुटली. आईने आधी विरोध केला; पुढे तीच घरातल्या वस्तू अल्कोहोलने पुसू लागली.

रुग्णांना स्वतःची हकीगत सांगू देणे, हे पुस्तकाचे मोठे बळ. मराठीत ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो तो हट्ट नाही, वाईट वळणही नाही, हे त्यातून पटते. आपली कृती निरर्थक आहे हे बहुतेकांना कळते, तरी थांबवता येत नाही.

पुस्तक उणे पडते ते उपचारांच्या बाबतीत. क्लोमिप्रामिन या औषधाचा गुण तेव्हा नव्याने दिसत होता. लेखिकेचा भर औषधावर आणि मेंदूवर आहे. वर्तनोपचार येतो, पण दुय्यम होऊन. वास्तविक व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्येच त्याची दिशा दाखवली होती. भीती वाटते त्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचे नाही. अस्वस्थता हळूहळू आपोआप ओसरते. आज मुलांसाठी हा उपचार आधी सुचवतात, गरजेप्रमाणे औषधाची जोड देतात.

शिक्षकाला हा भाग महत्त्वाचा, कारण चार्ल्सच्या आईचे काय चुकले ते यातून कळते. धुतल्याने भीती क्षणभर शमते, म्हणूनच पुन्हा धुवावेसे वाटते. आईच्या मदतीने हे चक्र अधिकच पक्के होते. वर्गातही हेच घडते. खोडून खोडून कागद फाडणारे, उत्तर येत असूनही पेपर अपुरा ठेवणारे, “बाई, बरोबर आहे ना?” असे दहादा विचारणारे मूल आठवा. रागावून ते थांबणार नाही. दहादा “हो” म्हटल्यानेही नाही. पालकांशी शांतपणे बोलून त्याला तज्ज्ञांकडे पोहोचवणे आपल्या हाती आहे.

आणि आपल्याकडे सोवळ्या-ओवळ्याच्या किंवा स्वच्छतेच्या कौतुकात हा आजार सहज झाकला जातो. म्हणून, उणिवा धरूनही, हे पुस्तक शाळेच्या कपाटात असावे असे आम्हांस वाटते.