‘टेक’चा पसारा आणि आपले ‘घेणे’

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तराला अवजड शब्दांचा फारसा त्रास होत नाही. अवजड शब्दाचा अर्थ एकदा पाठ करून घेतला की तो बापडा निमूट बसतो. छळतात ती चिमुकली क्रियापदे : गेट, पुट, मेक, टेक. त्यांतही ‘टेक’ फार मायावी. एकटे असते तेव्हा ते साधेसुधे ‘घेणे’ असते. ‘ऑफ’शी त्याची गट्टी जमली की ते अंगातला कोट उतरवते आणि विमानही उडवते. ‘आफ्टर’ला जवळ केले की मूल आईच्या वळणावर जाते. ‘इल’ या विशेषणाशेजारी बसले की माणूस आजारी पडतो, आणि ‘प्लेस’ या नामाच्या गळ्यात पडले की सभा भरते. आमच्या हडपसरच्या वर्गात एका मुलाने ‘सभेने शाळेत जागा घेतली’ असे खुशाल भाषांतर केले. वर्ग हसला. मला मात्र तो मुलगा आजच्या छापील मराठीपासून फार दूर आहे असे वाटले नाही.

इंग्रजीने मराठी बिघडली, ही ओरड जुनी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हाही मराठीची चिंता होतीच. पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीने ‘मेयर’चा ‘महापौर’ केला. पण या सगळ्या झगड्यात आपण बहुधा नामांवरच नजर ठेवली. टेबल, रेल्वे, स्टेशन ही दारातून आलेली पाहुणेमंडळी. त्यांना आपण विभक्ती लावली आणि घरात वावरू दिले. त्यांच्याने घर बदलले नाही. क्रियापदाचे तसे नाही. ती घरातली चूल आहे. एकही इंग्रजी शब्द नसलेले वाक्य आतून पुरते इंग्रजी असू शकते, आणि ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझी तक्रार आहे ती या वाक्यांबद्दल.

गंमत म्हणजे ‘टेक’ हे इंग्रजीतसुद्धा मूळचे घरचे नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ या अर्थी ‘निमन’ असे क्रियापद होते. उत्तरेकडून चालून आलेल्या लोकांच्या नॉर्स भाषेतून ‘टाका’ आले आणि त्याने ‘निमन’ला हळूहळू घराबाहेर काढले. मग या उपऱ्याने नामांशी, विशेषणांशी, शब्दयोगींशी इतकी सोयरीक जोडली की शिकणाऱ्याची पंचाईत झाली. ए. एस. हॉर्नबी या गृहस्थांनी परक्या विद्यार्थ्यांसाठी जन्मभर खपून कोश रचला, आणि १९५४ साली इंग्रजी वाक्यांच्या साच्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. क्रियापद एकटे शिकवून भागत नाही, त्याचे गणगोतही शिकवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्याकडे पाहा. इंग्रजीच्या एका ‘टेक’ला मराठीत पाच-सहा क्रियापदे लागतात. औषध ‘घ्यायचे’, पण रोग्याला डॉक्टरकडे ‘न्यायचे’. फोटो ‘काढायचा’, चित्र काढतात, म्हणून आपल्या लोकांनी तेच क्रियापद यंत्रालाही लावले, आणि छान लावले. कामाला दोन तास ‘लागतात’. ‘त्याने दोन तास घेतले’ असे म्हटले तर मराठी कानाला त्यात थोडी कुरकूर ऐकू येते : एवढा वेळ घेतलान्! आणि ‘मी बस घेतो’ हे तर फारच झाले. आमच्या गाडीतळावर कोणी ‘मी रिक्षा घेतली’ म्हणाला तर लोक पेढे मागतील. भाड्याची रिक्षा आपण ‘करतो’. परीक्षेत तर बाजूच उलटते. इंग्रजीत मुलगा परीक्षा ‘टेक’ करतो. मराठीत तो देतो आणि मास्तर घेतात.

मग आपल्या ‘घेणे’चा स्वभाव कोणता? मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा मोठा खल आहे, अभ्यासूंनी तो पाहावा. मी व्याकरणकार नव्हे, कथा-कादंबऱ्या लिहिणारा माणूस. माझ्या कानाला जे जाणवते ते असे, की मराठी ‘घेणे’त घेणाऱ्याचे अंग असते. जे घ्यायचे ते स्वतःकडे, स्वतःच्या अंगावर, स्वतःच्या जिवावर येते. शपथ घेणे, संन्यास घेणे, मनावर घेणे, पदरात घेणे, शिंगावर घेणे. कोणी म्हणेल, उडी घेण्यात, झेप घेण्यात हाती काय येते? हाती काही येत नाही, पण उडी आपल्याच अंगाने मारावी लागते. दर्शन घेण्यातही तेच. आषाढीला ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी पुण्याहून निघून आमच्या हडपसरला येतात आणि इथून वेगळ्या वाटांना लागतात, एक सासवडकडे, एक सोलापूर रस्त्याने. त्या दिवशी रस्त्याच्या कडेची सारी माणसे दर्शन ‘घेतात’. नुसते पाहत नाहीत.

शेतकऱ्याच्या तोंडचे ‘घेणे’ मला सर्वांत आवडते. ‘यंदा कोथिंबीर घेतली’ असे फुरसुंगीचा शेतकरी म्हणाला तर ती त्याने पिकवली. तेच वाक्य शहरातली गृहिणी म्हणाली तर तिने ती विकत आणली. शब्द तेच, पण एकीकडे वावर आणि दुसरीकडे पिशवी! कोथिंबीर कोणाच्या अंगाखालून गेली एवढाच काय तो फरक.

या कसोटीवर घासले की इंग्रजीच्या वळणाची सगळीच वाक्ये टाकाऊ ठरत नाहीत. ‘स्पर्धेत भाग घेणे’ यामागे इंग्रजीची सावली असेलही, पण घेणारा त्यात स्वतः उतरतो. ते आपलेच झाले. ‘निर्णय घेणे’ मला तितकेसे रुचत नाही. ‘ठरवणे’ हा एकच शब्द अंगणात उभा असताना दोन शब्दांचा लवाजमा कशाला? तरीही निर्णयाची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. पण ‘आंघोळ घेतली’? आंघोळ मराठी माणूस करतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून कोणी आंघोळ ‘घेत’ असेल तर त्याला अभ्यंगाचे पुण्य लाभो, मराठीचे लाभणार नाही. ‘नव्या इमारतीने जुन्या वाड्याची जागा घेतली’ हेही मला खटकते. इमारतीला अंग कुठले? वाड्याच्या जागी इमारत आली, एवढे म्हटले की पुरते.

हा व्यवहार एकतर्फी आहे असे मात्र कोणी समजू नये. आपण इंग्रजी बोलू लागलो की आपले क्रियापद गुपचूप तिकडे शिरते. ‘टेक टी’ म्हणून पाहुण्याला आग्रह करणारा मराठी गृहस्थ मनात ‘चहा घ्या’च म्हणत असतो. आपली मुले ‘गिव्ह एग्झाम’ म्हणतात तेव्हा परीक्षा देणारा मराठी मुलगाच बोलत असतो. मास्तर म्हणून मी त्याखाली लाल रेघ ओढतो, आणि ओढताना मला थोडे बरेही वाटते.

खरे नुकसान आहे ते निराळ्याच ठिकाणी. ‘घेणे’ची सर्वांत नाजूक कामगिरी दुसऱ्या क्रियापदाच्या मागे उभे राहून होते. ‘जेव’ ही आज्ञा झाली. ‘जेवून घे’ म्हणणारी आई पुढचे सगळे पाहत असते : उशीर होईल, वाटेत काही मिळणार नाही, तुझ्या पोटात चार घास जाऊ देत. ‘ऐकून घेतले’ म्हणजे सोसले. ‘आवरून घे’ म्हणजे वेळ थोडा आहे. आणि ‘बघून घेईन’! कामाबद्दल म्हटले तर दिलासा, माणसाबद्दल म्हटले तर धमकी.

इंग्रजीतून मराठीत आलेल्या कादंबऱ्या वाचताना मला हेच ‘घेणे’ भेटत नाही. शब्द मराठी, व्याकरण बिनचूक, आणि तरी पात्रे काचेपलीकडून बोलल्यासारखी वाटतात. याचे कारण मला असे दिसते : मूळ इंग्रजी वाक्यात ‘जेवून घे’मधल्या ‘घे’साठी शब्दच नसतो, म्हणून शब्दाला शब्द ठेवणाऱ्या अनुवादकाच्या लेखणीतून तो उतरत नाही. चुकीचा शब्द आला तर संपादक तो पकडतो. आलाच नाही तो शब्द कोण पकडणार? कोणताही अनुवाद हाती घ्यावा आणि संवादांत अशी ‘करून घे’, ‘सांगून टाक’, ‘येऊन जा’ किती आहेत ते पाहावे. पुष्कळ अनुवादांत दहा-दहा पाने उलटली तरी एक सापडत नाही. हडपसरच्या कोणत्याही घरात सकाळी आठच्या आत डझनभर ऐकू येतात.

समजा, इंग्रजीत एवढेच आहे, की तो जेवला आणि निघाला. गाडी सुटायला आली असेल तर मराठीत त्याने ‘जेवून घेतले’. बायकोशी भांडण होऊन ताटावर बसला असेल तर समोरचे ‘खाऊन टाकले’. दोन्ही नसेल तर तो नुसता जेवला. यांतले कोणते, हे ते वाक्य सांगत नाही. ते मागच्या चार पानांत असते, आणि अनुवादकाला ती पाने वाचूनच हे वाक्य लिहावे लागते.